पाट अजून उचललेला नाही

कुंदे, आधी बातमी सांगते. तुझा धर्म हा धर्म नाही, असं आपल्या सोसायटीच्या कमिटीने ठरवलं. शनिवार पेठेत, आपल्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून, चहा पिता पिता ठरवलं. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि म्हणाली असतीस, चला शालन, नकाशावर आणखी एक टिकली वाढली.

मला नाही हसू आलं. मला संताप आला. आणि त्यातली गंमत अशी की गेली कित्येक वर्षं मी तुझ्याशी भांडताना हेच म्हणत आले. हा धर्म नाही, कुंदे, हे खूळ आहे. पण मी म्हणणं वेगळं आणि कमिटीच्या आपट्यांनी म्हणणं वेगळं. मी म्हणायचे ते तुझ्या स्वयंपाकघरात बसून, तुझी मेथी निवडून देता देता. ज्याने तुझी मेथी निवडली नाही त्याने तुझ्या धर्माबद्दल बोलू नये, असं माझं साधं मत आहे.

तू गेलीस त्याला महिनाही झाला नाही. तुझ्या मंदारने पेपरात चौकट दिली. त्यात फोटो आहे, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका असं आहे, मागे मुलगा, सून, नात असं आहे. सगळं बरोबर आहे आणि त्यात तू कुठेच नाहीस. ते मी पुन्हा लिहीत बसत नाही. मला तुझ्याशी बोलायचंय. आपलं बोलणं अर्धं राहिलंय. ते मी मुद्दाम अर्धं ठेवलंय, का ते शेवटी सांगते.

वाचणाऱ्यांसाठी मात्र थोडं सांगायला हवं, नाहीतर म्हणतील ही बाई कशाबद्दल बडबडतेय. तुमच्या मंडळाचं खरं, मोठं नाव मी इथे लिहीत नाही. परदेशात त्याच्यावर खटले चालू आहेत, त्यात मला पडायचं नाही. शनिवारात त्यांना पाटवाले म्हणतात, तेवढं पुरे. स्वारगेटजवळ, मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानावर एक खोली. भिंतीला तसबीर नाही, समोर समई नाही. मधोमध एक लाकडी पाट, रिकामा. भोवती माणसं बसतात. एकजण त्या पाटासमोर बसतो आणि जो माणूस तिथे नाही त्याच्याशी बोलतो. गेलेल्या वडिलांशी, सोडून गेलेल्या बायकोशी, बोलणं टाकलेल्या भावाशी. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, मान हलवायची नाही, डोळे पुसायला पुढे जायचं नाही. बोलणाऱ्याचं संपलं की तो म्हणतो, "माझं झालं." मग पाट उचलून भिंतीला उभा करायचा. तो तसं म्हणेपर्यंत पाट कुणी उचलायचा नाही. बस, एवढंच. तू सांगायचीस की जर्मनीत पाटाच्या जागी खुर्ची असते, जपानात बसायची गादी. पण रिकामी जागा सगळीकडे असतेच.

आणि तुमच्यातलं कुणी गेलं की जिथे तो राहिला त्या घरी किंवा त्या इमारतीत पाट मांडायचा. समोर कुणाला बसवायचं? जवळच्याला नाही, लाडक्याला नाही. त्याच्याशी जो सगळ्यात जास्त भांडला, त्याला.

तू मला एकदा दुपारी, ऊन उतरताना, गॅलरीत सांगितलंस, "माझ्या पाटासमोर तू बसायचंस."

मी म्हटलं, मी तुमच्यातली नाही. माझ्या घरी गणपती आहे, बाळकृष्ण आहे, चतुर्थीचा उपास आहे.

"म्हणूनच तू. आमचे लोक माझ्याबद्दल फार चांगलं बोलतील. मला त्याचा कंटाळा येईल."

मी विचारलं, तू आधी जाशील हे कशावरून? तू म्हणालीस, तू आधी गेलीस तर मी बसेन, आणि तुला मी सोडणारच नाही. मी हो म्हटलं. आता मी हो म्हटलं म्हणजे म्हटलं, हे तुला माहीत होतं. म्हणून तर तू मला धरलंस.

तो नकाशा आठवतो ना? शाळेने टाकून द्यायला काढलेला, तू घरी आणून हॉलमध्ये लावलेला जगाचा नकाशा. भाऊजी गेल्यावर तू टिकली लावणं सोडलं नाहीस, त्यावरून जिन्यात कुजबुज झाली, तर तू आणखी मोठी लावायला लागलीस. उरलेल्या बारक्या टिकल्या तू नकाशावर चिकटवत गेलीस. ज्या देशात तुमचं मंडळ धर्म म्हणून मानतात तिथे हिरवी. मानत नाहीत तिथे लाल. कोर्टात चाललंय तिथे काळी. मी शिवणाचं काम घेऊन तुझ्याकडे बसायचे, मी ब्लाउजला हुक लावायचे आणि तू मला देश शिकवायचीस. सातवीत शाळा सुटलेली बाई मी. माझं जे काय शिक्षण झालं ते पेठेतल्या वाचनालयात आणि तुझ्या त्या नकाशाखाली.

अमेरिकेत कोण ठरवतं, असं मी विचारलं होतं. तू म्हणालीस, तिथे कुणाची श्रद्धा खरी हे सरकारने तपासायचं नाही असा दंडक आहे. पण कर माफ करायचा की नाही हे तर कुणीतरी ठरवायला हवं. मग करखातं बघतं, यांची काही ठरलेली शिकवण आहे का, जमायची जागा आहे का, नेमाने येणारी माणसं आहेत का. मी म्हटलं, म्हणजे देवाची सुनावणी इन्कमटॅक्सच्या साहेबासमोर. तू हसून हसून माझी सुई हरवलीस. ती अजून तुझ्या सतरंजीत असेल.

इंग्लंडात म्हणे आधी न्यायाधीश म्हणायचे, देवाची पूजा नाही तर ते प्रार्थनेचं घरच नाही. पुढे त्यांनीच मत बदललं. देव नसला तरी धर्म असू शकतो म्हणाले. ऑस्ट्रेलियातले न्यायाधीश त्याहून मोकळे. तुम्हाला आम्हाला ते वेडगळ वाटतं की नाही हा प्रश्नच नाही, माणसं त्यावर विश्वास ठेवून आयुष्य तसं जगतात का एवढं बघा. फ्रान्सचं सरकार म्हणतं, धर्म कोणता ते आम्ही सांगतच नाही, पण कुणी माणसाला भुलवून त्याचं वाटोळं करत असेल तर आमची नजर आहे. जर्मनीत अशा नव्या मंडळांकडे बघताना डोळ्यांत तेल असतं, कारण एकाच्या मागे आंधळेपणाने गेल्यावर काय होतं हे त्यांनी एकदा पाहिलंय. जपानात धर्माला संस्था म्हणून कायद्याचा दर्जा मिळतो. पण तिथे एका पंथाच्या हातून फार भयंकर घडलं, तेव्हापासून दिलेला दर्जा काढूनही घेतात.

मी हुक लावत ऐकायचे आणि मला वाटायचं, प्रत्येक देशाला पूर्वी जिथे चटका बसलाय तिथेच तो हात लावून बघतो. हे मी बोलले तेव्हा तू चष्मा काढून माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, हे कुणाचं वाचलंस? मी म्हटलं, कुणाचं नाही, माझं आहे. तुला ते पटायला जरा वेळ लागला.

"आणि आपल्याकडे?" मी विचारलं.

आपल्याकडे कोर्ट विचारतं, अमुक गोष्ट काढून घेतली तर तो धर्म धर्म राहील का? नाही राहणार, तर ती गोष्ट त्या धर्मात आवश्यक. वेगळा संप्रदाय म्हणवून घ्यायचं तर एक श्रद्धा हवी, बांधलेली संघटना हवी, वेगळं नाव हवं. आणि कधी कोर्ट म्हणतं, हे तत्त्वज्ञान आहे, धर्म नव्हे.

"मग तुमचा पाट काढला तर काय उरेल?"

"फरशी," तू म्हणालीस.

भारतावर मात्र तू टिकली लावलीच नाहीस. आपल्याला अजून कुणी विचारलंच नाही गं, म्हणालीस. ट्रस्ट म्हणून नोंद आहे, कोपऱ्यात बसू देतात, तेवढंच.

आपलं खरं भांडण त्या टिकल्यांवरून नव्हतंच. ते त्या बातमीवरून होतं. परदेशातल्या एका शाखेत पाटासमोर लोक जे बोलत ते चोरून टेप केलं जायचं, आणि कुणी मंडळ सोडायला निघालं की त्याचंच बोलणं त्याला ऐकवून गप्प बसवायचे. तूच ती बातमी वाचून दाखवलीस. वाचताना तुझा आवाज असा झाला होता की मीच तुला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी तू स्वारगेटच्या खोलीत सगळ्यांसमोर उभी राहून विचारलंस, आपल्याकडे असं होतं का? नाही म्हणाले. तेवढ्यावर तू थांबली नाहीस. दाराशी पिठाचा मोठा स्टीलचा डबा ठेवलास आणि प्रत्येकाचा फोन त्यात टाकायला लावलास. प्रमुखाचाही.

मी म्हटलं, कुंदे, सोड आता.

तू म्हणालीस, "देवळाबाहेर चपला चोरीला जातात. म्हणून तू देवळात जायचं सोडलंस?"

"चपला गेल्या तर नव्या आणता येतात. मनातलं गेलं तर?"

तू गॅस बारीक केलास, आमटीत गूळ घातलास. उत्तर नसलं की तू आमटीत गूळ घालायचीस. ते उत्तर अजून माझं येणं आहे.

तर आता ही इकडची हकीकत. मंदारने तुझं सगळं रीतसर केलं. तूच सांगून ठेवलं होतंस, त्याला जे करायचंय ते करू द्या, पाट तेवढा मांडा. दहावा झाला, गुरुजी छान होते, घाई करत नव्हते. तेराव्याच्या आधी उज्ज्वला माझ्याकडे आली. तुमच्या मंडळातली, वर्ध्याची, चाकणला कंपनीत कामाला असते ती. सोफ्यावर बसली नाही, जमिनीवरच बसली आणि म्हणाली, काकू, कुंदाताईचा पाट मांडाचा आहे. तुम्ही बसणार ना?

मी वर तुझ्या घरी गेले, मंदारला सांगितलं. तो लॅपटॉप उघडून बसला होता, खराडीच्या ऑफिसचं काम तुझ्याच डायनिंग टेबलावर चाललं होतं. तो म्हणाला, "मावशी, तू पण?" मग लॅपटॉप मिटला आणि मला अगदी हळू आवाजात सांगितलं, त्याने कमिटीकडे आधीच शब्द टाकलाय की आमच्या घरात किंवा इमारतीत असलं काही नको. नेटवर काय काय येतं त्या लोकांबद्दल, तू वाचलंयस का, म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या आईनेच वाचून दाखवलंय.

त्याने नकाशाकडे पाहिलं. मग म्हणाला, "आई माझ्याशी कधी नीट बोललीच नाही, मावशी. बाबा गेल्यावर रोज फोन करायचो. कशी आहेस म्हटलं की एकच, मजेत. आणि त्या खोलीत जाऊन अनोळखी लोकांसमोर रडायची. मी कोण होतो तिचा?"

कुंदे, दवाखान्यात मी तुझा हात हातात घेऊन विचारलं होतं, कशी आहेस गं? आणि तू मला काय म्हणालीस? मजेत. नळ्या लावलेल्या, ओठ कोरडे, आणि मजेत. त्याचं जे दुखणं तेच माझं. तरी मी त्याला म्हटलं, तुझं भांडण खरं आहे, अगदी खरं आहे. पण ते आपट्यांकडे का नेलंस? तिच्याकडे ने. त्यासाठीच तर तो पाट आहे.

तो म्हणाला, मला नाही जमणार. बरं, म्हटलं. पण मला जमणार आहे, आणि मी शब्द दिलाय.

आता आपल्या गेटवरची पाटी तुला तोंडपाठ आहे. पार्किंग फक्त धार्मिक कार्यासाठी मिळेल. वाढदिवस, भिशी, गेट-टुगेदर यांसाठी विचारू नये, अपमान होईल. म्हणून तर सगळा घोळ. माझी बाहेरची खोली म्हणजे दोन माणसं आली की तिसऱ्याने जिन्यात उभं राहायचं, तुझं घर मंदारच्या ताब्यात, आणि तुमचा नियम की पाट राहत्या इमारतीतच मांडायचा. उरलं पार्किंग. मी अर्ज केला. संध्याकाळी कमिटी बसली आणि सेक्रेटरी आपट्यांनी, बँकेत जन्म गेलेला माणूस, उज्ज्वलाला समोर बसवून कर्ज मागायला आल्यासारखं विचारायला सुरुवात केली.

"आपला देव कोणता?"

"देव ज्याचा त्यानं घरी ठेवाचा, जी."

"ग्रंथ?"

"नाही."

"गुरू?"

"होते. वारले."

"आरती किती वाजता असते?"

"आमी ऐकाचं काम करतो. आरती कुठून म्हणू?"

"निदान प्रसाद?"

"चहा असते जी. प्रसाद म्हणा तं प्रसाद."

आपटे म्हणाले, "चहा आमच्याकडेही असतो. त्यासाठी आम्ही वेगळा धर्म काढला नाही."

लोक हसले. मीही हसले असते, इतकं चांगलं बोलले ते. पण मला तुझा नकाशा दिसायला लागला. देव आहे का, पुस्तक आहे का, जमायची जागा, नेमाने येणारी माणसं. सगळ्या देशांचे न्यायाधीश आमच्या खुर्च्यांवर येऊन बसले होते, फक्त चपला घालून.

मी उभी राहिले. म्हटलं, आपटे, मी पुष्कळ वर्षं कुंदाला सांगत आले की हा धर्म नाही, आणि आजही माझं तेच मत आहे. पण गेल्या गणपतीत याच जागेत मॅगीच्या केकची स्पर्धा झाली. ते धार्मिक कार्य होतं?

"ते गणपतीसमोर होतं, शालनताई."

"गणपतीने खाल्ला का तो केक? परीक्षकाने तरी कुठे खाल्ला?"

मग हात वर झाले. आपटे काही वाईट माणूस नाही बरं का. तुला दवाखान्यात न्यायला गाडी त्यांनीच काढली होती. ते म्हणाले, आपण उगाच भावनिक होताय, नियमात बसत नाही एवढंच. एकदा तुमच्यासाठी वाकवला तर उद्या कुणीही येऊन म्हणेल आमची भिशी हा धर्म आहे. यात तथ्य होतं. जगातल्या सगळ्या सरकारांना हीच तर भीती आहे. ठराव झाला. खुर्च्या एकात एक जायला लागल्या.

आणि मला कोपऱ्यातला तेलाचा डाग दिसला.

ह्यांची स्कूटर उभी असायची ती जागा. ह्यांच्यानंतर स्कूटर भंगारात गेली, पण जागा माझ्याच नावावर आहे, पिवळ्या रंगात फ्लॅटचा नंबर आहे. डाग काही कशाने जात नाही. मी म्हटलं, आपटे, सोसायटीची जागा नको. मी माझ्या जागेत पाट मांडते.

"शालनताई, ती जागा वाहनासाठी आहे."

"वाहन माझ्याकडे नाही. रिकाम्या जागेत मालकिणीने बसू नये असं पाटीवर कुठे लिहिलंय, ते दाखवा."

आपटे खरोखर पाटीपाशी गेले, चष्मा वर करून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून आले. म्हणाले, "लिहिलेलं नाही."

"मग उद्या लिहा."

मग चष्मा खाली करत म्हणाले, "येणाऱ्यांना चपला रांगेत काढायला सांगा." परवानगी दिली असं त्यांनी म्हटलं नाही, आणि मीही तसं ऐकलं नाही. मला कुणाची परवानगी नकोच होती, कुंदे. तू धर्मात होतीस की खुळात होतीस हे कुणालाही ठरवायला न लावता तुझा पाट मांडला गेला. पिवळ्या रेघांच्या आत, तेलाच्या डागावर.

लोक आले. स्वारगेटहून बसने आले, कंपनीच्या कपड्यांतच काहीजण. फोन तुझ्या त्या पिठाच्या डब्यात टाकले. आपल्या इमारतीतले काहीजण वरच्या कठड्यावरून बघत होते. मंदार गेटपाशी उभा होता, हेल्मेट हातात धरून, आत नाही आणि बाहेरही नाही.

मी पाटासमोर बसले. गुडघ्याने काय त्रास दिला ते सांगत नाही. समोर नुसतं लाकूड. आधी वाटलं, हे काय चाललंय आपलं, या वयात. मग तोंड उघडलं आणि थांबेचना. मी तुला कोरडं कोरडं सगळं विचारलं. मनातलं चोरीला गेलं तर काय, त्याचं उत्तर दे म्हटलं. लेकाला मजेत का म्हणालीस? मला का म्हणालीस? त्या अनोळखी लोकांना जे दिलंस त्यातलं चिमूटभर आम्हाला दिलं असतंस तर तुझं काय गेलं असतं? तुझ्या गुरूंनी हे शिकवलं का, की ऐकणारा परका असला तरच बोलावं? मग मी काय करत होते तुझ्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं? डागाकडे लक्ष गेलं तसे मधे ह्यांच्याशीही दोन शब्द झाले. तेही होतेच की तिथे.

कुणी मान हलवली नाही. कुणी पदर पुढे केला नाही. आणि मला एकदम आठवलं, हे गेले तेव्हा तू रोज दुपारी येऊन माझ्यासमोर बसायचीस. एक शब्द नाही. होईल गं सगळं ठीक, असं एकदाही नाही. मला तेव्हा वाटायचं, ही बाई आहे की दगड. मी आपली बोलत सुटायचे आणि तू बसलेली असायचीस. तेव्हा समोर पाट नव्हता एवढंच. हे मी तुला आधी कधी बोलले नाही. आता बोलतेय, पण याचा अर्थ तू जिंकलीस असा घेऊ नकोस.

मग माझे शब्द संपले. सगळे वाट बघायला लागले. आता मी म्हणायचं होतं, माझं झालं. मग उज्ज्वला उठणार, पाट उचलणार, चहा होणार.

मी म्हटलंच नाही.

उज्ज्वला हळूच म्हणाली, "काकू, झालं म्हणा लागते."

"का म्हणू? झालेलं नाही."

तुमच्या लोकांची मोठी पंचाईत झाली. असं पूर्वी कधी घडलंच नव्हतं म्हणे. आता पाट उचलता येईना, आणि पार्किंगमध्ये ठेवता येईना, कारण आपटे वरून घड्याळ बघत होते. तुमच्यातला एक टक्कल पडलेला गृहस्थ म्हणाला, उचलायचा नाही असा नियम आहे, सरकवायचा नाही असा कुठे आहे? त्यावर कुजबुजत चर्चा झाली. एकीने शंका काढली की उंबऱ्यावरून नेताना तो उचलला जाईल. दुसऱ्याने सांगितलं की खाली फळी घातली तर उचलल्यासारखं होणार नाही. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि मला इतकं हसू आलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. कुंदे, उपासाला साबुदाणा चालतो आणि पोहे चालत नाहीत, ते काय वेगळं आहे? असल्या पळवाटा माणसं अगदी गंभीर चेहऱ्याने शोधायला लागली की त्यांचा धर्म झाला असं खुशाल समजावं. तुझ्या एकाही देशाच्या न्यायाधीशाला ही परीक्षा सुचली नाही.

पाट सरकवत सरकवत लिफ्टपर्यंत नेला. फळी आपट्यांच्याच माळ्यावरची. लिफ्टचं दार त्यांनीच धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाटीवर ताज्या रंगाने नवी ओळ आली. सभासदांनी स्वतःच्या पार्किंगच्या जागेत बसून राहू नये. तुझ्या नावाने पेठेत एक नियम झाला, आणखी काय हवं?

पाट माझ्या बाहेरच्या खोलीत आहे, खिडकीखाली. झाडताना मी त्याच्या कडेकडेने झाडते. उज्ज्वला येऊन बघून जाते आणि काही न बोलता चहा पिऊन जाते.

मागच्या रविवारी मंदार आला. नकाशाची गुंडाळी घेऊन आला, घर आवरतोय, हे तुझ्याकडे असू दे मावशी म्हणाला. चहा घेतला. पाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी थोडा वेळ बसू का इथे?" मी म्हटलं, बस की. आणि स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला, मिक्सरवर चटणी वाटली, नळ मोठा सोडला. तो काय बोलला ते मला माहीत नाही, आणि मला कुणी विचारूही नये. बाहेर आले तेव्हा त्याचे डोळे लाल होते. निघताना बूट घालत म्हणाला, पुढच्या रविवारी येईन. झालं असं त्यानेही म्हटलं नाही.

नकाशा मी पाटाच्या वर लावलाय. भारत तसाच मोकळा आहे. तुझ्या टिकल्यांचं पाकीट मंदारने गुंडाळीतच ठेवलं होतं, हिरव्या आहेत, लाल आहेत, काळ्याही आहेत. मी एकही लावणार नाही. ज्यांना ठरवायचंय त्यांनी ठरवत बसावं, देशोदेशीच्या कोर्टांनी आणि आमच्या कमिटीनेही. मी आजही म्हणते, तो धर्म नव्हता. आणि त्याला धर्म नाही म्हणायला दुसरं कुणी आलं तर त्याची आधी माझ्याशी गाठ आहे.

आज आमटीत गूळ जरा जास्त पडला. तेवढ्याने सुटशील असं समजू नकोस. बस तिथेच. माझं झालेलं नाही.